‘मॉंगूस’मधला हंस खोटा आहे

इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत प्रत्येक शब्दापुढे तो कुठून आला याची एक छोटी नोंद असते. लॅटिन, फ्रेंच, ग्रीक ही तिथली नेहमीची मंडळी. भारतातल्या भाषांपैकी हिंदी, संस्कृत, तमिळ, मल्याळम यांचीही बऱ्यापैकी ये-जा असते. मराठीचं नाव मात्र शोधावं लागतं. ते हमखास सापडतं असं एक ठिकाण म्हणजे ‘मॉंगूस’ हा शब्द. आपलं मुंगूसच ते.

‘इंग्रजीला मराठीची देणगी’ या मथळ्याखाली हा शब्द अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यात खोटं काही नाही. फक्त गोष्ट मधूनच उचललेली असते. मुंगूस इंग्रजीत मराठीतून गेलं, ठीक. पण मराठीत ते कुठून आलं? आणि इंग्रजीत गेल्यावर त्याच्या शेपटीला हंस कसा चिकटला? एका शब्दाची वंशावळ काढायची तर दोन्हीकडे जायला हवं, मागेही आणि पुढेही.

हंसापासूनच सुरुवात करू, कारण तिथेच बहुतेकांची पहिली ठेच लागते.

गूस, गीस आणि आपला हंस

इंग्रजी स्पेलिंगमध्ये या शब्दाची शेवटची पाच अक्षरं जी-ओ-ओ-एस-ई अशी येतात. म्हणजे ‘गूस’, हंसाच्या जातीचा पक्षी. शाळेत ‘वन गूस, टू गीस’ घोकलेलं असतं. मग एक मॉंगूस आणि दोन मॉंगीस का नाहीत? शब्दकोश ‘मॉंगूसेस’ म्हणतात. मुलांनी हे विचारलं की मोठी माणसं ‘इंग्रजी भाषाच तशी’ म्हणून सुटका करून घेतात. खरं तर यामागे अगदी नेमकं कारण आहे.

इंग्रजी, जर्मन, डच या भाषा ज्या जुन्या जर्मानिक भाषेतून निघाल्या तिच्यात एका हंसाला ‘गान्स’ आणि अनेकांना ‘गान्सिझ’ असं काहीसं म्हणत. ही रूपं कुठे लिहिलेली सापडत नाहीत, नंतरच्या भाषा शेजारी शेजारी ठेवून भाषाशास्त्रज्ञांनी ती मागे जाऊन उभी केली आहेत. अनेकवचनातली ती शेवटची ‘इ’ महत्त्वाची. बोलताना जीभ पुढच्या ‘इ’ची तयारी आधीच करू लागली आणि अलीकडचा स्वर पुढे ओढला गेला. कालांतराने प्रत्यय झिजून गळून पडला, बदललेला स्वर मात्र राहिला. फूट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस, मॅन-मेन या सगळ्या जोड्या त्याच साच्यातल्या. हा बदल 7व्या शतकाच्या आसपास उरकला होता. त्यानंतर भाषेत आलेल्या शब्दांना तो लागू होत नाही. मॉंगूस आला 17व्या शतकात, म्हणजे गाडी सुटून हजार वर्षं झाल्यावर.

आता दुसरी गोष्ट. जर्मनमध्ये हंसाला आजही ‘गान्स’ म्हणतात. इंग्रजीतला ‘न’ कुठे गेला? इंग्रजी आणि तिच्या अगदी जवळच्या भाषांत ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांच्या आधीचं अनुनासिक गळालं आणि त्याची भरपाई म्हणून स्वर लांबला. संस्कृतात ते अनुनासिक शाबूत राहिलं. त्यामुळे मराठी माणसाला या जोड्या चटकन दिसतात: हंस आणि गूस, दंत आणि टूथ, पंच आणि फाइव्ह. तिन्हींत डावीकडे अनुस्वार आहे आणि उजवीकडे तो पडलेला आहे. ह आणि ग यांचाही मेळ ठरलेला आहे, संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ह आणि जर्मानिक भाषांत ग, हे एकाच जुन्या ध्वनीचे दोन वारस. म्हणजे इंग्रजांचा गूस आणि आपला हंस हे खरोखरचे भाऊबंद आहेत, काही हजार वर्षांपूर्वी एकाच घरातून बाहेर पडलेले.

ज्या गूसचं हंसाशी इतकं जुनं रक्ताचं नातं आहे, त्याचं मुंगसाशी मात्र काहीच नातं नाही. तो फक्त स्पेलिंगमध्ये येऊन बसला आहे.

असं होतं कारण कानाला अनोळखी शब्द पडला की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी ऐकतो. स्पॅनिशमधल्या ‘कुकाराचा’चं इंग्रजीत ‘कॉकरोच’ झालं, त्यात कोंबडा घुसला. फ्रेंचमधल्या ‘एक्रव्हिस’चं ‘क्रेफिश’ झालं, त्यात मासा घुसला, आणि तो प्राणी मासा नाही हे माहीत असूनही कुणी काढला नाही. हे खूळ इंग्रजांपुरतं आहे असं नाही. गोऱ्या पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चं आपल्या शिपायांनी ‘हुकुमदार’ करून टाकलं होतं, आणि अर्थाच्या दृष्टीने ते मूळ वाक्यापेक्षा जास्त रुबाबदार होतं. मुंगूसच्या शेवटी ‘गूस’ ऐकू येणारच होता. एकदा ऐकू आला की लिहितानाही तोच उतरला.

जुन्नरला गेलेला डॉक्टर

शब्द कुणी कुणाकडून घेतला हे ठरवताना उच्चार जुळणं पुरेसं नसतं. लिखित पुरावा कधीपासूनचा आहे, आणि ती दोन माणसं एकमेकांना भेटण्याची शक्यता होती का, हेही बघावं लागतं. यातलं एक जरी लंगडं असलं तरी व्युत्पत्ती म्हणजे गप्पा.

मुंगसाच्या बाबतीत तिन्ही जुळतात. इंग्रजीत ‘मॉंगूस’ लिहिणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. 1673 मध्ये तो मुंबईला उतरला. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि तिथून 1668 मध्ये कंपनीकडे आलं होतं, म्हणजे वसाहत अजून ओलीच होती. फ्रायर पुढची काही वर्षं मुंबई, सुरत, कारवार, गोवा असा पश्चिम किनाऱ्यावर फिरला. 1675 मध्ये जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या घरच्या आजारपणासाठी त्याला बोलावणं आलं, तेव्हा कल्याणवरून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि येताना नाणेघाटाने उतरला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकिगतही त्याच्या पुस्तकात आहे, त्यामुळे आपले इतिहासाचे अभ्यासक त्याला चांगले ओळखतात.

या प्रवासात त्याने लिहिलेली पत्रं लंडनमध्ये 1698 साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्यात मॉंगूस हा फेरेटसारखा प्राणी आहे असं तो सहज जाता जाता लिहितो. फेरेट हा युरोपात उंदीर-सशांच्या शिकारीसाठी पाळला जाणारा लांबुडका प्राणी. इंग्रज वाचकाला समजेल अशी तीच एक ओळख त्याच्याकडे होती. हंस त्याच्या स्पेलिंगमध्येच आलेला आहे. पुढे बराच काळ स्पेलिंग डगमगत राहिलं. 1886 चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश हा शब्द ‘मंगूस’ असा, पहिल्या अक्षरात ‘यू’ घालून देतो, म्हणजे मूळ उच्चाराच्या अधिक जवळ. मराठीतही मुंगूस, मुंगस, मंगूस अशी रूपं गावोगाव बदलत असतात, त्यामुळे साहेबांच्या कानावर नक्की कोणतं पडलं यावर भांडण्यात अर्थ नाही.

एक फाटा इथे आहे. फ्रायरच्या आधी दीडशे वर्षांपासून पोर्तुगीज याच किनाऱ्यावर होते, गोव्यात 1510 पासून, वसईत 1534 पासून. त्यांनीही हा शब्द उचलला होता. पोर्तुगीज सैनिक जुआंव रिबेरो 1685 च्या सुमारास ‘मंगूस’ लिहितो. फ्रेंचमधलं ‘मांगुस्त’, स्पॅनिश ‘मांगोस्ता’ ही रूपं त्याच वाटेने गेलेली. त्यामुळे इंग्रजीने शब्द थेट मराठी माणसाकडून घेतला की पोर्तुगीजांच्या हातून, याबद्दल कोशांत थोडा फरक दिसतो. मला वाटतं दोन्ही एकाच वेळी झालं असणार. मुंबईतल्या इंग्रजाच्या घरात पोर्तुगीज बोलणारा नोकर आणि मराठी बोलणारा माळी दोघेही असत, आणि मुंगूस अंगणातून पळालं की दोघेही जवळपास एकच शब्द ओरडले असते.

शर्यतीत हरलेले शब्द

‘मॉंगूस’ जिंकणारच होता असं काही नव्हतं. स्पर्धक बरेच होते.

सगळ्यांत जुना होता ग्रीक ‘इक्न्यूमॉन’, म्हणजे माग काढणारा. इजिप्तमध्ये मुंगसाची एक जात आहे, ग्रीकांनी तिला हे नाव दिलं आणि युरोपातल्या पंडितांनी ते शेकडो वर्षं वापरलं. युरोपातले प्रवासी त्याच प्राण्याला ‘फेरोचा’, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, ‘उंदीर’ म्हणत. तमिळ मुलखात मुंगसाला ‘कीरी’ किंवा लाडाने ‘कीरिप्पिळ्ळै’ म्हणतात, त्याचं ‘क्विरपेले’ करून ते युरोपीय पुस्तकांत फ्रायरच्या कितीतरी आधी पोचलं होतं. 1601 मध्ये छापलेल्या एका लॅटिन प्रवाससंग्रहात ते आहे. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या कैदेत 19 वर्षं अडकला होता. सुटून आल्यावर 1681 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, त्यात सिंहली ‘मुगटिया’चं ‘मौंगुटिया’ झालेलं दिसतं.

म्हणजे 1700 च्या सुमारास इंग्रज वाचकासमोर या एका प्राण्याची चार-पाच नावं होती. टिकलं ते कोकण-सुरत पट्ट्यातलं. कंपनीचं पश्चिम भारतातलं बस्तान तिथे होतं, पत्रं तिथून जात, माणसं तिथून परत जात. हा माझा अंदाज, पण शब्दांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच असतं. उत्तम शब्द जिंकत नाही, बंदराजवळचा जिंकतो. शेवटचा शिक्का 1894 मध्ये बसला, किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधल्या रिक्की-टिक्की-टावी या मुंगसामुळे. त्यानंतर जगभरच्या मुलांना इक्न्यूमॉन माहीत असण्याचं काही कारण उरलं नाही.

आणि मराठीत?

आता मागे जाऊ. संस्कृतात मुंगसाला ‘नकुल’. पांडवांतल्या चौथ्याचं नाव तेच. साप आणि मुंगसाचं वैर इतकं पक्कं की पाणिनीच्या व्याकरणात कायमचं वैर असणाऱ्या प्राण्यांच्या जोडनामांसाठी वेगळा नियम आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘अहिनकुलम्’. नकुलाचं प्राकृतात ‘णउल’ झालं आणि त्यातून हिंदीचा नेवला, गुजरातीचा नोळियो, बंगालीचा नेउल आला. उत्तरेकडे सगळीकडे एकच कुळ.

मराठी या रांगेत नाही. आपण ‘नवला’ किंवा ‘नउळ’ म्हणत नाही. शेजारी दक्षिणेला बघितलं की उत्तर मिळतं: तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडात ‘मुंगुसी’ किंवा ‘मुंगिसी’. तमिळमध्ये आज ‘कीरी’ चालतं, पण ‘तोलकाप्पियम’ या अतिप्राचीन व्याकरणग्रंथात मुंगसासाठी ‘मूंगा’ हा शब्द आहे; कोणत्या प्राण्याच्या पिलाला काय म्हणावं, याची यादी देताना तो येतो. एवढ्या द्राविड भाषांत एकाच मुळाचे शब्द असणं आणि उत्तरेकडे ते नसणं, यावरून दिशा ठरते. मुंगूस मराठीला दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून मिळालं.

मराठी मुळात या सीमेवरचीच भाषा. व्याकरणाचा सांगाडा प्राकृताचा, पण शेतातले, घरातले, रानातले कितीतरी शब्द कानडी-तेलुगूशी जुळणारे. त्यामुळे ‘देणगी’ हा शब्द वापरायचाच तर मराठीने ती पुढे पोचवली एवढं म्हणावं. संस्कृतातून ओढूनताणून व्युत्पत्ती काढण्याचा प्रयत्नही झालेला आहे: जॉन प्लॅट्स या कोशकाराने ‘मक्षु’, म्हणजे चपळपणे, या शब्दाकडे बोट दाखवलं, तेही साशंक होऊन. अर्थ छान जुळतो. पण मधली प्राकृत रूपं नाहीत, आणि उत्तरेतल्या एकाही भाषेत या मुळाचा शब्द रुळलेला नाही. मघाच्या तीन कसोट्यांपैकी दोन नापास.

शब्द उसना असला तरी मराठीने तो पुरता घरचा केला आहे. रस्त्यात मुंगूस आडवं गेलं की पोरं अजूनही ओरडतात, “मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!” आणि ते राखाडी अंग कुंपणाच्या कडेला क्षणभर थांबतं, मान वळवून बघतं, मग शेपूट ओढत झुडपात शिरतं. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ, अशी समजूत. ते पळताना थांबून मागे बघतंच, ही त्याची सवयच आहे, त्यामुळे रामाची शपथ सहसा वाया जात नाही.

शब्द नव्हता, म्हणून मुंगसाचा कुत्रा झाला

युरोपात मुंगूस हा शब्द पोचण्याच्या कितीतरी आधी मुंगसाची एक गोष्ट पोचली होती, आणि तिचं तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

पंचतंत्रातली ती गोष्ट आपल्याला माहीत आहे. ब्राह्मणी पाण्याला जाते, पाळण्यातल्या बाळापाशी पाळलेलं मुंगूस असतं. साप येतो, मुंगूस त्याला मारतं, रक्ताळलेल्या तोंडाने दारात धावत येतं. बाळाला खाल्लं असं समजून ती त्याला मारून टाकते. आत बघते तर बाळ खेळतंय आणि शेजारी सापाचे तुकडे.

6व्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या काळात पंचतंत्र पहलवीत, म्हणजे जुन्या फारसीत, गेलं. 8व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचं अरबी केलं, ‘कलीला व दिम्ना’. तिथे मुंगसाचं ‘इब्न इर्स’ झालं, म्हणजे वीझल, मुंगसासारखाच लांबट, छोटा शिकारी. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे युरोपात गोष्ट रुळली तेव्हा मात्र घरात पाळलेला, बाळाची राखण करणारा प्राणी म्हणजे कुत्राच असणार, असं सांगणाऱ्यांनी ठरवून टाकलं.

त्यातून दोन चमत्कारिक प्रकार घडले. फ्रान्समध्ये लियोंजवळ 13व्या शतकात गीनफोर नावाच्या शिकारी कुत्र्याला लोक संत मानत. सापापासून बाळाला वाचवूनही मालकाच्या हातून मेलेला तो कुत्रा, अशी कथा. आया आजारी मुलांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जात. एतिएन द बूर्बों नावाच्या ख्रिस्ती पाद्र्याने ते पाहिलं, भडकला, आणि कुत्र्याची हाडं उकरून जाळायला लावली. त्यानेही कुत्र्याची पूजा काही लगेच थांबली नाही. दुसरीकडे वेल्समध्ये बेथगेलर्ट या गावात गेलर्ट कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. तिथे साप जाऊन लांडगा आला आणि मालक झाला राजपुत्र ल्युवेलिन. ती समाधी 18व्या शतकाच्या अखेरीस गावातल्या एका खाणावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून रचली, असं मानलं जातं. तिथे डोळे पुसणाऱ्या पर्यटकांना आपण एका मुंगसासाठी रडतोय याची कल्पना नसते.

शास्त्रीय नावांतला गोंधळ

18व्या शतकात युरोपीय शास्त्रज्ञ जगातल्या प्रत्येक प्राण्या-वनस्पतीला लॅटिन नाव देत सुटले होते. मुंगूस तिथेही शिरलं, आणि बहुतेक वेळा चुकीच्या दारातून.

अशा नावांची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने 1753 मध्ये एका वनस्पतीला ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’ असं नाव दिलं. पहिल्या शब्दाचा अर्थ सापमुळी आणि दुसरं आपलं मुंगूस. सापाशी लढताना मुंगूस मध्येच जाऊन एक मुळी खातं आणि त्यामुळे त्याला विष बाधत नाही, ही समजूत भारतभर होती. संस्कृतात अशा वनस्पतीला ‘नाकुली’ आणि मराठीत ‘मुंगूसवेल’ म्हणत. प्रवाशांनी ती कथा जशीच्या तशी युरोपात नेली. मुळीचा भाग खरा नाही. खरं कारण 1992 मध्ये इस्रायली संशोधकांनी दाखवलं. नागाच्या विषातला एक घटक आपल्या स्नायूंवर मज्जातंतूंचा निरोप स्वीकारणाऱ्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतो, निरोप पोचत नाही आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या शरीरात त्या प्रथिनाची घडण नेमक्या त्या जागी थोडी वेगळी आहे, त्यामुळे विषाला धरायला जागा मिळत नाही. बाकी काम त्याची चपळाई करते. विष त्याला अजिबात चढतच नाही असं मात्र नाही, भरपूर चढलं तर तेही मरतं.

1766 मध्ये लिनियसनेच एका लेमूरला, म्हणजे माकडासारख्या एका प्राण्याला, ‘मोंगोझ’ नाव दिलं. जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज चित्रकार-निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकातून ते आलं होतं. हा लेमूर मादागास्कर आणि कोमोरोस बेटांवर झाडांवर राहतो, त्याचा मुंगसाशी काहीही संबंध नाही. पुढे 1818 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जोफ्रुआ सेंट-हिलेर याने भारतातल्या अंगणांत दिसणाऱ्या खऱ्याखुऱ्या राखाडी मुंगसाला नाव दिलं ते त्याच एडवर्ड्सचं, ‘एडवर्डसी’. म्हणजे लेमूरला मुंगसाचं नाव मिळालं आणि मुंगसाला इंग्रजाचं.

सगळ्यांवर कडी म्हणजे ‘मुंगोस मुंगो’. ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने 1788 मध्ये ‘मुंगो’ हे नाव दिलेला हा प्राणी मुंगूसच आहे, पण आफ्रिकेतला, पाठीवर पट्टे असलेला, टोळीने राहणारा. महाराष्ट्रात तो प्राणिसंग्रहालयाबाहेर दिसणार नाही. आपला शब्द नावात दोनदा आहे तो फक्त त्याच्या.

जाता जाता एक सावधगिरी. उडदाचं शास्त्रीय नाव ‘विग्ना मुंगो’ आहे. तिथला मुंगो मुंगसाचा नव्हे, मुगाचा. आणि तोही चुकून, कारण खऱ्या मुगाचं नाव ‘विग्ना रेडिएटा’. नावं देणाऱ्यांनी डाळींची अदलाबदल केली आणि नियमानुसार आता ती तशीच चालू आहे.

प्राण्यामागोमाग शब्द

1872 मध्ये जमैकातला उसाचा मळेवाला विल्यम बॅन्क्रॉफ्ट एस्प्यूट याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. मळ्यांत उंदीर फार झाले होते. सुरुवातीला उंदीर कमी झाले, वाहवा झाली, आणि त्या नऊंच्या पिलावळीतून कॅरिबियन बेटांवर मुंगसं पसरली. 1883 मध्ये जमैकाहून हवाईला नेली. मग लक्षात आलं की उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा. दिवसा जे सापडलं ते मुंगसांनी खाल्लं: पक्ष्यांची अंडी, सरडे, जमिनीवर राहणारी पाखरं. ही जात आपल्या राखाडी मुंगसाची धाकटी भावकी, उत्तर आणि पूर्व भारतात जास्त आढळणारी. पण इंग्रजीत दोघांचं नाव एकच, त्यामुळे जिथे जिथे प्राणी गेला तिथे मराठी वळणाचा शब्दही गेला, बंगालचा नेउल किंवा बेजी नव्हे.

जपानची गोष्ट थोडी निराळी. ओकिनावातल्या विषारी हाबू सापांवर उपाय म्हणून 1910 मध्ये तिथे मुंगसं सोडली, 1979 च्या सुमारास अमामी ओशिमा बेटावरही. साप रात्रीचा, मुंगूस दिवसाचं, पुन्हा तेच. अमामीला त्यांनी तिथल्या दुर्मीळ काळ्या सशांवर ताव मारला. अनेक वर्षं सापळे आणि शिकारी कुत्रे लावून शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये जपान सरकारने त्या बेटावर एकही मुंगूस उरलं नाही असं जाहीर केलं. जपानी लोकांनी नाव इंग्रजीतून घेतलं, पण त्यांच्या लिपीत इंग्रजीतला अर्धा ‘ऑ’ बसत नाही. त्यामुळे ते ‘मंगूसु’ म्हणतात. शेवटचा उकार सोडला तर ते लंडनच्या उच्चारापेक्षा आपल्याकडच्या ‘मंगूस’च्या जास्त जवळ गेलं आहे, आणि त्यांच्या लिपीत हंसाला लपायला जागाच नाही.

इंग्रजीत मात्र हंस अजून बसूनच आहे. ‘मॉंगीस’ हे अनेकवचन काही जण गमतीने वापरतात आणि एखाद-दुसरा कोश त्याची नोंदही घेतो, पण परीक्षेत ‘मॉंगूसेस’च लिहावं. चाचणीचा पेपर तपासणारे गंमत समजून घेतीलच असं नाही.

पुण्या-बंगळुरातल्या सॉफ्टवेअरवाल्या वाचकांना हा शब्द वेगळ्याच कारणाने रोज भेटतो. ‘मोंगोडीबी’ नावाच्या डेटाबेसशी बोलण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘मॉंगूस’ नावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात. तिथल्या ‘मोंगो’चं मूळ मराठी, तेलुगू यापैकी कुठेच नाही. ते ‘ह्यूमॉंगस’, म्हणजे अवाढव्य, या अमेरिकन बोलीतल्या शब्दाच्या पोटातून कापून काढलं आहे. लायब्ररी करणाऱ्यांनी त्या ‘मोंगो’ला शोभेल असा प्राणी निवडला.